हळदीखालचा माणूस

लहानू खोब्रागडेचा धंदा मोडीचा. मोड म्हणजे फुटकं, चेमटलेलं, पोचे आलेलं तांबं-पितळ. ते दारोदार फिरून घ्यायचं, इतवारीच्या बाजारात वजनावर नेऊन द्यायचं, आणि तिथून ते भट्टीत जायचं. सत्तर सालानंतर नागपुरातल्या बायांना स्टीलचं असं काही वेड लागलं की विचारू नका. आजेसासूचे हंडे, लग्नातली घंगाळी, न्हाणीतले बंब, सगळं ओट्यावर आणून ठेवायचं आणि मोडवाल्याची वाट पाहायची. ज्या घंगाळात तीन पिढ्यांनी आंघोळी केल्या ते देऊन बाई सहा वाट्या आणि एक डबा घेई, आणि वर शेजारणीला बोलावून चकाकी दाखवी. लहानूला त्याचं वाईट वाटून घ्यायचं काही कारण नव्हतं, त्याचं पोटच त्यावर होतं. पण माणूस जरा निराळा. घडणीची वस्तू भट्टीत टाकायला त्याचा हात धजत नसे.

अशा वस्तू तो बाजूला काढून ठेवी. मोराच्या चोचीचा अडकित्ता, चुन्याची डबी, एखादी झारी, पाच वातींचा लटकता दिवा. त्या घ्यायला बाबाराव हरकरे यायचे. हे सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढून काढून रिटायर झालेले गृहस्थ, धंतोलीत राहणारे. बायको गेल्यापासून त्यांनी घरात माणसांऐवजी भांडी भरली होती, असं त्यांचे नातेवाईक म्हणत. नातेवाईक काय, काहीही म्हणतात. बाबाराव मात्र प्रत्येक वस्तूची चिठ्ठी लिहीत, नकाशावर लिहावं तशा सरळ अक्षरात: वस्तू काय, कशासाठी वापरत, कोणत्या घरातली. त्यांचे दोनच नियम होते. वस्तू हातात असल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही, आणि घर कळेपर्यंत विचारत राहायचं. लहानूलाही त्यांनी ती सवय लावली होती. कोणाकडून घेतलं, ती बाई काय म्हणाली, हे तो ध्यानात ठेवून त्यांना सांगे.

त्या लहानूकडे एक वस्तू अशी होती की जिचं घर तो कोणालाच सांगू शकत नव्हता. कारण ते घर त्याचंच होतं.

त्यासाठी वीस-एकवीस वर्षं मागं जायला पाहिजे. छप्पन सालचा दसरा झाला. इंदोऱ्याच्या मागची ती अख्खी वस्ती पांढरे कपडे घालून दीक्षा घ्यायला गेली आणि बौद्ध होऊन घरी आली. देव आता नकोत हे ठरलं होतं. पण घरात बसलेल्या देवांचं करायचं काय, हे कोणी ठरवलं नव्हतं. तसबिरी लोकांनी नदीत सोडल्या. शेंदराचे दगड कोणी नाल्याकाठी नेऊन ठेवले. राहिले ते धातूचे. विहिरीत टाकावे तर कोणीतरी म्हातारी दोरी सोडून परत काढील अशी धास्ती. शेवटी बैठकीत ठरलं, सगळे गोळा करायचे, वितळवायचे आणि विहारासाठी घंटा ओतून घ्यायची. हे काम कोणाकडे द्यायचं याचा प्रश्नच नव्हता. तांब्या-पितळेतला माणूस वस्तीत एकच.

लहानू तेव्हा एकोणतीस वर्षांचा, गरम रक्ताचा. पोतं खांद्यावर टाकून तो घरोघर फिरला. लोकांनी दिले. कोणी हसत दिले, कोणी तोंड फिरवून दिले. धोंडबा मेश्रामाच्या दारात मात्र जरा अडलं. धोंडबा लहानूपेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठा, शेजारचाच. त्यानं सगळे देव आपल्या हातानं पोत्यात टाकले आणि एक टाक मुठीत धरून उभा राहिला. टाक म्हणजे पत्र्यावर ठोकून काढलेली आकृती. देवाचा असतो तसा घरातल्या मेलेल्या थोराचाही करून घेत आणि देवांच्याच रांगेत बसवत. धोंडबाच्या मुठीतला त्याच्या बापाचा होता, बकारामचा. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत गावचे मुडदे वाहता वाहता बकारामही गेला, तेव्हा धोंडबा पाच वर्षांचा होता. फोटो कुठला? बापाचं तोंड म्हणून जे काय होतं ते एवढंच.

"देव घेऊन जाय, मले त्यांचं काई नाई," धोंडबा म्हणाला. "पण हा देव नोय, लहानू. हा माहा बाप आहे."

लहानू म्हणाला, "काका, एकाले सूट देली तं उद्या घराघरातून बाप निघतील. नियम सगळ्यांले एकच."

 धोंडबानं टाक पोत्यात टाकला आणि तो आत गेला. लहानूला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला होता, हे सांगायलाच पाहिजे. चळवळीतला माणूस असा पाहिजे, असं त्याचं त्यालाच वाटलं.

सगळ्यात शेवटी त्याच्या आईनं, रंभाबाईनं, आपल्या घरचं दिलं. त्यातही एक टाक होता. मग पोतं सायकलीवर बांधून तो इतवारीत ओताऱ्याकडे गेला. ओताऱ्यानं पोत्यात हात घालून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. टाकांवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदी-कुंकवाचा बोटभर थर होता. खाली काय कोरलंय ते दिसायचंही नाही. असा माल भट्टीत गेला तर धातू घाण होतो, चिंच लावून स्वच्छ करून आण, असं त्यानं बजावलं आणि तो चहा प्यायला गेला. लहानू नळाशी बसला. वरच होता तो आधी उचलला. वर काय असणार, शेवटी टाकलेला. त्याच्याच घरचा.

चिंच लावली, घासला, पाणी ओतलं. हळद सुटली आणि खालून माणूस निघाला.

लहानूला वाटलं होतं घोडा असेल. टाकावरचा वीर, म्हणजे लढताना मेलेला पूर्वज, नेहमी घोड्यावर असतो, हातात तलवार, डोक्यावर तुरा. हा पायी उभा होता. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात उंच काठी, आणि काठीच्या टोकाला घुंगरू, एक एक मोजून घ्यावा असा. रंभाबाई लहानपणी सांगायची ते सगळं त्याच्या अंगावर आलं. त्याचा खापरपणजा उकंडा, उमरेडकडच्या एका गावचा वेसकर. गावच्या वेशीत घुंगरकाठी घेऊन उभं राहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचं, हे त्याचं काम. दरोडेखोर आले तेव्हा त्यानं वेस उघडली नाही आणि तिथंच त्याचा मुडदा पडला. ज्या गावासाठी मेला त्या गावात त्याला वेशीच्या आत घर नव्हतं. लहानूला ती गोष्ट आईची गोष्ट वाटायची, आयांच्या असतात तशी. आता ती त्याच्या तळहातावर उभी होती. इतकी वर्षं देवाच्या जागी घरचाच माणूस बसला होता, आणि हळदीखाली कोणाला दिसला नव्हता.

लहानूनं तो टाक कमरेला खोचला. बाकीचं पोतं भट्टीत गेलं. घंटा चांगली झाली, आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. वस्तीनं लहानूच्या गळ्यात हार घातला आणि पुढं विहाराच्या कमिटीत त्याला सेक्रेटरी केलं.

त्यानं टाकाची पूजा केली नाही, हे माणसाच्या बाजूनं सांगतो. एक फूल नाही, एक काडी उदबत्ती नाही. घरी ठेवला असता तर बायको भागीरथेच्या हाती लागला असता, म्हणून आपल्या मोडीच्या शेडमध्ये झाकण तुटलेल्या एका पानाच्या डब्यात चिंधीत गुंडाळून ठेवला. तांबं लपवायला तांब्या-पितळेच्या ढिगासारखी जागा नाही. वर्षातून दोन-चारदा काढायचा, पाहायचा, परत ठेवायचा. आणि शेडच्या दारात रोज सकाळी उन्हाला कोण येऊन बसायचं? धोंडबा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, उजेड आणि सावली एवढंच कळायचं. बिडी ओढत तो लहानूशी जगभरच्या गप्पा करी. त्या जुन्या गोष्टीवर वीस वर्षांत तो एकदाही बोलला नव्हता. लहानूला ते बरं वाटायचं आणि तेच खुपायचंही.

सत्त्याहत्तर सालच्या जानेवारीत बाबारावांनी आपल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. बर्डीवरच्या एका वाचनालयानं वरचा हॉल पंधरा दिवस दिला होता. म्हातारा पोरासारखा उड्या मारत होता. प्रदर्शनाच्या चार दिवस आधी तो शेडमध्ये आला आणि लहानू बाहेर वजन करत असताना स्वतःच ढीग उपसायला लागला. तुटक्या वस्तूंवर त्याचा जीव फार. त्यानं नेमका तो डबा उचलला, चिंधी सोडली, आणि टाक हातात घेऊन उजेडात आला.

"लहानुजी, हा कुठला?" बाबाराव म्हणाले. "पायी चालणारा वीर मी आयुष्यात पाहिला नाही. कोणाच्या घरचा?"

लहानूच्या हातातला तराजू तिथंच थांबला. दोन हातांवर धोंडबा बसलेला. त्यानं मान वळवून विचारलं, काय सापडलं म्हणून. बाबारावांनी मोठ्या उत्साहानं सांगितलं की टाक आहे, पूर्वजाचा, तांब्याचा, फार जुना.

धोंडबानं बिडीची राख झटकली. मग म्हणाला, "माह्याकडं बी होता एक."

एवढंच. रागानं नाही, रडूनही नाही. कोणाकडे कधीकाळी गाय होती असं सांगावं, तसं. आणि लहानूच्या तोंडून निघून गेलं, "मोडीत आला असंल, साहेब. कोण्या घरचा, आठवत नाई."

 ज्यानं जीव दिला पण वेस सोडली नाही, त्याला यानं एका वाक्यात भंगारात काढलं. बाबारावांनी खिशात हात घातला तेव्हा लहानूनं पैसे घेतले नाहीत. राहू द्या, म्हणाला. त्यांना वाटलं, प्रदर्शनाला मदत म्हणून.

प्रदर्शन सुरू झालं. दोन दिवस लहानू गेला नाही, तिसऱ्या दिवशी दुपारी राहवलं नाही. हॉलमध्ये चांगली गर्दी होती. ज्या वस्तू बायांनी नाकं मुरडून त्याच्या पोत्यात टाकल्या होत्या, त्याच आता काचेत बसल्या होत्या आणि त्याच बाया लेकरांना बोट दाखवून सांगत होत्या, आमच्याकडं अस्सं होतं. लहानूला हसू आलं असतं, पण तो एकेक काचपेटी पाहत पुढं गेला. शेवटच्या पेटीत उकंडा एकटा उभा होता. खाली चिठ्ठी: "वीराचा टाक, तांबे. भोसल्यांच्या पायदळातील शिपाई, हाती भाला. घराणे अज्ञात."

लहानूनं चिठ्ठी तीनदा वाचली. भाला म्हणे. घुंगरू डोळ्यांसमोर लटकून राहिले होते आणि भाला.

बाबाराव मागून आले. त्याचा हात धरून आनंदानं सांगायला लागले, जुन्या महाल वस्तीतले एक गृहस्थ काल येऊन गेले. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेत होते, आणि हा आमच्याच वाड्यातून गेलेला टाक असावा असं त्यांचं म्हणणं आहे. कागद वगैरे नाहीत, पण सांगणं पटण्यासारखं आहे. उद्या संध्याकाळी ते परत येतील, तेव्हा अज्ञात खोडून त्यांचं नाव घालू. एका अनाथ वस्तूला घर मिळालं, असं म्हणून म्हातारा समाधानानं दुसऱ्या पेटीकडे गेला.

लहानू सायकल हातात धरूनच घरी आला. भागीरथा चुलीपाशी होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, पोत्यापासून महालवाल्यापर्यंत. वीस वर्षं संसार केलेली बायको, तिला पहिल्यांदा कळलं की आपल्या नवऱ्यानं एक माणूस लपवून ठेवला होता. तिनं भाकर तव्यावरून काढली, विस्तव मागं ओढला आणि मग बोलली. टाक ठेवला याचं तिला काही वाटलं नाही. तिच्या माहेरी तर म्हातारीनं खंडोबा पिठाच्या डब्यात ठेवला होता, मरेपर्यंत. तिनं बरोबर दुसरीकडेच बोट ठेवलं.

"तुम्ही साहेबाले सांगायले निघाले," ती म्हणाली. "आधी धोंडबा काकाले सांगा. नियम तुम्ही त्यांच्यावर चालवला."

लहानूनं खूप वाद घातला. कमिटी काढून टाकील. वस्ती थुंकील. त्यात म्हाताऱ्याला आता या वयात कशाला जाळायचं? न सांगता गप्प बसलं तर कोणाचं काय बिघडतं? उकंडा काही तक्रार करायला येत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला हा माणूस पोतं घेऊन गेला होता, आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ वीस वर्षं सांभाळत बसला. भागीरथा म्हणाली, तसंच करा मग, उद्यापासून तुमचा खापरपणजा महालात राहायला जाईल. आणि तिनं ताट वाढलं.

सकाळी धोंडबा नेहमीसारखा येऊन बसला. लहानू त्याच्यासमोर जमिनीवर टेकला.  धोंडबानं बिडी पेटवलेली होती. ती हातात विझून गेली तरी त्याच्या ध्यानात आलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं दोनच गोष्टी विचारल्या.

"तुह्या मायनं टाकलेला तूच काढला?"

"हो काका."

"धुतला तवा दिसला?"

"हो."

लहानू वाट पाहत राहिला. एक थोबाडीत बसली असती तरी त्याला सुटल्यासारखं झालं असतं. धोंडबानं काठी चाचपली आणि उठला. म्हणाला, मले घेऊन चल तिथं, हात लावून पाहतो.

हॉल दुपारी उघडायचा, तेव्हा दोघं रिक्षानं बर्डीवर गेले. जिना चढताना धोंडबानं लहानूचा खांदा धरला होता. त्याला दुसरा इलाज नव्हता, पण लहानूला त्या हाताचं वजन मणभर वाटत होतं. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. बाबाराव चार लोकांना झारी समजावून देत होते. लहानू सरळ जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिला आणि लोकांदेखत बोलला. म्हणाला, तो टाक मोडीत आला नाही, माझ्या घरचा आहे. तो शिपाई नाही, उमरेडकडचा वेसकर आहे, महार होता, माझा खापरपणजा, उकंडा त्याचं नाव. हातात भाला नाही, घुंगरकाठी आहे. मी खोटं बोललो. आणि ते का बोललो, हेही त्यानं सांगितलं, घंटेसकट. झारीवाले चार लोक कधी तिथून सरकले, कळलंही नाही.

बाबारावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पेटीपाशी जाऊन कितीतरी वेळ आत पाहत राहिले.

"घुंगरू मला दिसले होते, लहानुजी," ते म्हणाले. "तरी मी भालाच लिहिलं."

त्यांनी पेटीचं कुलूप काढलं आणि टाक धोंडबाच्या हातावर ठेवला. धोंडबानं तो दोन्ही हातांत धरला. अंगठा आधी पायांवरून गेला, मग धोतरावरून, घोंगडीवरून, काठीवरून वर चढत टोकाला घुंगरांवर थांबला. तोंडावरून त्यानं अंगठा फार हळू फिरवला. म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. हॉलमध्ये लोक येत-जात होते, कोणीतरी खुर्ची आणली, तो बसला नाही.

मग त्यानं तोंड लहानूच्या आवाजाच्या दिशेनं वळवलं.

"माह्या बापाचा कसा होता गा?" त्यानं विचारलं. "आमच्या घरी तं हळदीचा गोळाच होता तो. माय कोणाले धुऊ देत नव्हती. त्याच्याखाली काय होतं, मले कधी दिसलं नाई. तू धुतला असशीन. तूच शेवटचा पाहणारा. डोक्यावर पागोटं होतं का? काय होतं हातात?"

खोटं बोलायला याहून सोपी वेळ माणसाला मिळत नाही. पागोटं होतं काका, हातात काठी होती, चेहरा तुमच्यासारखाच होता. दोन वाक्यांत म्हाताऱ्याला बाप मिळाला असता आणि कोणी कधी पकडूही शकलं नसतं. लहानूच्या जिभेवर ते आलंही होतं. देवाशप्पथ म्हणायची सोय राहिली नाही, पण खरं सांगतो, त्याच्या जागी मी असतो तर बोलून गेलो असतो.

"मी पाह्यलंच नाई, काका," लहानू म्हणाला. "माहा धुतला अन् हा माणूस निघाला, तवा चिंच फेकून देली. बाकीचे धुतलेच नाई. ओताऱ्याले खोटं सांगतलं, धुतले म्हणून, अन् पोतं तसंच्या तसं भट्टीत उलटं केलं. हळद जळाल्याचा वास आला तवा तो मले शिव्या देऊन राहिला होता."  मग राहिलेलंही बोलला. "पाह्यलं असतं तं वितळवता आलं नसतं. म्हणून पाह्यलं नाई."

 हातातला टाक धोंडबानं बाबारावांकडे धरला, ते घेईपर्यंत तसाच धरून ठेवला. मग बाहीनं डोळे पुसले, दिसत नसलेले डोळे, आणि चांगला रडला, आवाज काढून. लहानूला जवळ जायची हिंमत झाली नाही. बाबाराव मध्ये उभे, हातात उकंडा घेऊन.

रडून झाल्यावर धोंडबानं आवाज साफ केला आणि बाबारावांना म्हणाला, लिहून घ्या. याचं लिहाल तसं माझ्या बापाचंही लिहा. बाबाराव चाचरले. त्यांचा नियम होता, वस्तू हातात असल्याशिवाय चिठ्ठी नाही. त्यांनी तसं म्हणायला तोंड उघडलं, हातातल्या टाकाकडे पाहिलं आणि टेबलाशी जाऊन बसले. उकंड्याची चिठ्ठी नव्यानं लिहिली, नाव, गाव, काम, जात, घुंगरकाठी, लहानू खोब्रागडे यांच्या घरचा. मग दुसरा कागद घेतला. धोंडबा सांगत गेला तसं लिहिलं आणि शेवटी वाचून दाखवलं: "बकाराम मेश्राम. मानमोडीच्या साथीत गावचे मुडदे वाहताना मेला. त्याचा टाक होता. रूप कोणी पाहिलं नाही."

पेटीत उकंडा एका कडेला सरकवला. बाजूला तेवढीच जागा रिकामी ठेवली आणि तिच्याखाली ती चिठ्ठी लावली. महालवाले गृहस्थ संध्याकाळी आले, त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि आल्या पावली परत गेले.

परत जाताना जिन्यावर लहानूनं विचारलं, काका, आता मी काय करू? माफी मागायला तोंड नाही, पण सांगाल ते करतो. कमिटीचं काम आजच सोडतो. धोंडबा एक एक पायरी चाचपत उतरत होता. खाली रस्त्यावर आल्यावर तो थांबला.

"कमिटीचं तू पाहून घे," तो म्हणाला. "पण प्रदर्शन आहे तवरोक रोज तिथं उभा राहाय. त्या रिकाम्या जाग्यापाशी. लोकं पुसतीन इथं काय होतं म्हणून. त्यांले सांगत जाय."

दुसऱ्या दिवशी लहानूनं मोडीचा फेरा बंद ठेवला आणि धुतलेला सदरा घालून हॉल उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिला. पहिला तासभर कोणी पेटीकडे फिरकलंच नाही. मग दोन लेकरं आणि सासूला घेऊन एक बाई आली. झाऱ्या पाहिल्या, दिवे पाहिले, आणि शेवटच्या पेटीपाशी येऊन रिकाम्या जागेवर बोट ठेवून तिनं विचारलं, भाऊ, इथली वस्तू चोरीला गेली का?

"नाई बाई," लहानू म्हणाला. "मी वितळवली."

बाई थांबली. सासूही थांबली. लहानूनं पेटीची कड घट्ट धरली आणि छप्पन सालच्या दसऱ्यापासून सांगायला सुरुवात केली.